न मोजलेला हात

आमच्या समितीच्या बैठका शुक्रवारी व्हायच्या, कारण शुक्रवारी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत वीज नसायची. कारखाने बंद, मालक मोकळे, म्हणून बैठक. विजेच्या वस्तूंची समिती आणि ती बसणार वीज नसलेल्या दिवशी, पंखा बंद, आणि प्रत्येकाच्या हातात वारा घ्यायला मागच्या बैठकीचं इतिवृत्त. त्या इतिवृत्तांचा याहून चांगला उपयोग फारसा कुणी केल्याचं मला आठवत नाही.

या समितीची मी अठरा वर्षं सचिव होते. सचिवाला मत नसतं, पण सचिवाशिवाय कुणाचं मत मोजलंही जात नाही. घरी आचोळ्याला शेजारणी विचारायच्या, ‘तुम्ही नेमकं करता काय?’ मी सांगायची, तुम्ही दुकानात जाऊन शिक्क्याचा माल मागता ना, तो शिक्का कशाकशावर मारायचा ते जिथे ठरतं तिथे मी असते. पाणी तापवायच्या रॉडची वायर किती जाड हवी, मूठ किती तापली तरी वितळता कामा नये, असल्या गोष्टी. आमचा शिक्का सरकारी नव्हता, छोट्या कारखानदारांच्या संघटनेचा होता. पण तुळिंजच्या बाजारात तो नसलेला रॉड दुकानदार पुढच्या फळीवर ठेवत नसे, इतका त्याला मान होता.

या कामात माणसं फार नमुनेदार भेटली. मुठीचा रंग काळा असावा की तपकिरी, यावर आमच्या तीन बैठका झाल्या आहेत. एका कारखानदाराने तर आपला रॉड किती सुरक्षित आहे हे दाखवायला पाण्याने भरलेली बादली बैठकीत आणली. रॉड आत सोडला, प्लग भिंतीत खोचला, कोपरापर्यंत हात बुडवला आणि म्हणाला, ‘बघा, काय होतंय का?’ शुक्रवार आहे हे तो साफ विसरला होता. आम्हीही जरा वेळ विसरलोच होतो, सगळे श्वास रोखून बघत होतो.

हसण्यावारी नेता येतील असे प्रसंग पुष्कळ सांगता येतील. पण या अंकाच्या संपादकांनी ‘एखादा लक्षात राहिलेला प्रसंग लिहा’ म्हटल्यावर मला आठवला तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंचवीसेक वर्षं झाली, कुणाला सांगितला नव्हता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी घडलेली ही गोष्ट आहे, आणि तिच्यात चूक माझी आहे.

आधी रॉडबद्दल थोडं सांगते. रॉडच्या नळीत एक तार असते आणि तिच्याभोवती पांढरी पावडर ठासून भरलेली असते. तारेतली वीज नळीला लागू नये, हे त्या पावडरीचं काम. पावडर कोरडी आहे तोवर भीती नाही. पण ती पाणी पिते. म्हणून मुठीजवळ नळीचं तोंड बंद करतात. ते नीट बंद केलेलं नसेल तर बादलीतली वाफ रोज थोडी थोडी आत जाते, आणि एके दिवशी नळीला वीज उतरते. आमच्या मानकात यासाठी चाचणी होती एका तासाची. एक तास रॉड वाफेत ठेवायचा, मग मीटर लावून बघायचं. एका तासात चांगला रॉडही पास व्हायचा आणि भिकार रॉडही. प्रयोगशाळेच्या कुलकर्णींनी मागणी केली, चाचणी आठ तासांची करा. आठ तासांत तोंड कच्चं असलेला रॉड लपून राहत नाही.

समितीत नऊ जणांना मत होतं. कुलकर्णी एक. ग्राहकांच्या बाजूने फिलोमिना टीचर एक. वायरमन मंडळींच्या संघटनेचे दोघे. उरलेले पाच कारखान्यांचे, आणि त्या पाचांतले तीन कारखाने एकाच माणसाचे. त्यांना सगळी वसाहत मोठे शेठ म्हणायची, मीही तेच म्हणते. पहिल्या कारखान्यातर्फे शेठ स्वतः बसत, दुसऱ्यातर्फे त्यांचे मेहुणे, आणि तिसऱ्यातर्फे त्या कारखान्याचा तपासनीस हरेश्वर म्हात्रे.

हरेश्वर वटारचा. घरची मोगऱ्याची आणि केळीची बाग, पण हा आयटीआय करून वसाहतीत आला. असेल तेव्हा पस्तिशीचा. बैठकीत तो कधी बोलत नसे. शेठचा हात वर गेला की मेहुण्यांचा जाई, आणि मग याचा. मी त्या तिघांची मतं एकाच रेघेत लिहायची.

बैठकीच्या आठ दिवस आधी तो माझ्या कचेरीत आला आणि टेबलावर एक रॉड ठेवला. त्यांच्याच कारखान्याचा होता, शिक्क्याचा. मुठीखाली नळी काळी पडली होती.

‘मॅडम, ह्यो मीच पास केलेला हाय,’ तो म्हणाला. ‘नंबर बगून सांगतो. माझ्या वहिनीनं बोट बुडवून बगितलं, पानी तापलं का म्हनून. चिकटली ती. भावानं लाकडानं मेन स्विच पाडला म्हनून वाचली.’

‘आता कशा आहेत?’

‘जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं सरल व्हत नाहीत. मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या त्याच बोटांनी ना.’ मग म्हणाला, ‘एक तास ठेवलेला मी ह्याला वाफेत. मीटरवर चोख आलेला. मी सही केली.’

नियमाप्रमाणे त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं, आणि तेच त्याला खात होतं.

त्याने मान खाली घालून विचारलं, ‘मी त्या आठ तासाच्या बाजूनं हात वर केला तं चालंल का? कारखान्याच्या खुर्चीवर बसून?’

मी ताठ बसून त्याला नियम सांगितला. मला तो तोंडपाठ होता, आणि तो सांगताना मला नेहमी बरं वाटायचं. ‘आपल्याकडे माणशी एक मत आहे, हरेश्वर. तुम्हाला कारखान्याने पाठवलं असेल, पण खोलीत आलात की तुम्ही हरेश्वर म्हात्रे म्हणून बसता. तुमचा हात तुमचा.’

तो ‘बरं’ म्हणाला, रॉड पिशवीत घातला आणि निघाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

आता माझ्या सवयीबद्दल सांगायला हवं. बैठकीआधी मी पेन्सिलने मोजणी करायची. कोण कुठे हात वर करील, ते कागदावर मांडायचं. चहा किती सांगायचा याइतकंच मला निकालाचंही आधीच ठाऊक असे, आणि माझी मोजणी तोवर एकदाही चुकली नव्हती. याचा मला गर्व होता, तो लपवत नाही.

त्या संध्याकाळी मी मोजणी केली. आठ तासांच्या बाजूने कुलकर्णी, टीचर, दोन वायरमन. चार. विरुद्ध शेठ, मेहुणे, हरेश्वर आणि बाकीचे दोन कारखानदार. पाच. चाचणी एका मताने पडणार होती.

हो, हरेश्वरला मी विरुद्ध धरलं. अर्ध्या तासापूर्वी माझ्यासमोर डोळे पुसून गेलेल्या माणसाला. माझा हिशोब असा, की याला दोन मुली, नवं बांधलेलं घर, शेठची नोकरी. कचेरीत येऊन बोलणं वेगळं आणि शेठच्या शेजारी बसून हात वर करणं वेगळं. वाईट वाटतंय म्हणून कुणी नोकरीवर पाणी सोडत नाही. मी अशी पुष्कळ माणसं पाहिली होती.

मग मला युक्ती सुचली. एका मालकाला तीन मतं हा अन्यायच होता, त्यावर कुरबुर जुनीच होती. मी नवा नियम लिहिला. एका मालकाचे किंवा एका संस्थेचे जितके प्रतिनिधी असतील त्यांचा मिळून एक गट आणि गटाला एक मत. गटात एकमत नसेल तर गटातल्या बहुमताचं मत ते गटाचं मत. इतिवृत्तात गटाचं मत लिहायचं, माणसांची नावं नाहीत. असा नियम आला की शेठचे तीन हात म्हणजे एक. बाकीचे दोन कारखानदार शेठच्या त्या तीन हातांना कंटाळलेले होते, ते चाचणीच्या विरुद्ध असले तरी या नियमाला हो म्हणणार होते. वायरमनचेही दोनाचं एक होणार होतं. म्हणजे तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत. आणि अध्यक्ष देवधर साहेब, वीज खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर शॉकने गेलेल्या माणसांचे पंचनामे पाहिलेले. ते कुठे मत टाकतील याबद्दल मला शंका नव्हती. त्यांना आधी विचारलं नाही, कारण अध्यक्षांचं मत आधी विचारणं शिष्टाचारात बसत नाही.

नियमाचं परिपत्रक मी रीतसर सगळ्या नऊ पत्त्यांवर पाठवलं. हरेश्वरचा पत्ता म्हणजे शेठची कचेरी. ते त्याच्यापर्यंत पोचलं नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो शुक्रवार मला अजून लख्ख दिसतो. खिडक्या उघड्या, बाहेर वसाहत चिडीचूप. शेठ पांढऱ्या सफारीत, शेजारी मेहुणे, टोकाला हरेश्वर. त्याच्या शर्टाची कॉलर घामाने ओली झाली होती. मला वाटलं, उकाड्याने.

पहिला विषय नव्या नियमाचा. मी वाचून दाखवला. शेठ हसले, म्हणाले, ‘मॅडम, माझ्या हातांवर डोळा आहे काय तुमचा?’ सगळे हसले. तेवढ्यात टोकाकडून आवाज आला.

‘मॅडम, एक इचारायचं व्हतं.’

हरेश्वर अर्धवट उभा होता. त्याच्या हातात परिपत्रक नव्हतं, तो शेजारच्याचं वाचत होता.

‘गटात एक जन येगला असंल, तं त्याचं मत कुठं जातं?’

‘गटात जातं,’ मी म्हटलं. ‘वाचलंय ना मी आत्ता. बसा, विषय पुढे न्यायचाय.’

तो बसला. मतं घेतली. सहा हात नियमाच्या बाजूने, तीन विरुद्ध. ते तीन शेठचे, मेहुण्यांचे आणि हरेश्वरचे. मी मनात म्हटलं, बघ, बरोबर धरलं होतंस. शेठच्या मागोमागच गेला हात. तो हात शेठसाठी वर गेला नव्हता, हे कळायला मला अजून दहा मिनिटं लागायची होती.

दुसरा विषय आठ तासांच्या चाचणीचा. कुलकर्णींनी आकडे मांडले. शेठ म्हणाले, चालू रॉडच्या पाण्यात बोट घालणाऱ्या बाईची जबाबदारी कारखान्याने का घ्यायची? हरेश्वर टेबलाकडे बघत होता. टीचर एकदम उसळल्या. ‘शेठ, तुमच्या घरी पाणी तापलं का कसं बघतात? थर्मामीटर लावून?’ देवधर साहेबांनी शांत राहायला सांगितलं आणि मला म्हणाले, मत घ्या.

‘आठ तासांच्या बाजूने हात वर करा.’

टीचर. कुलकर्णी. दोन्ही वायरमन. मी मान खाली घालून लिहीत होते. चौघांची नावं लिहून मी वर पाहिलं.

हरेश्वरचा हात वर होता. कोपरात वाकलेला, पण वर होता. मेहुणे त्याच्याकडे बघत होते. शेठ त्याच्याकडे बघत नव्हते, ते माझ्याकडे बघत होते.

‘पाच!’ टीचर मोठ्याने म्हणाल्या. ‘पाच झाले!’

विरुद्ध चार हात आले. शेठ, मेहुणे आणि दोन कारखानदार. पाच विरुद्ध चार. माणशी एक मत असतं तर आठ तासांची चाचणी त्या क्षणी पास झाली होती.

माझी पेन्सिल हातातच राहिली. देवधर साहेब म्हणाले, ‘सचिव, नव्या नियमाप्रमाणे सांगा.’ मी सांगितलं. वायरमन मिळून एक, कुलकर्णी एक, टीचर एक, बाजूने तीन. दोन कारखानदारांचे दोन. शेठच्या गटात दोघं विरुद्ध, एक बाजूने, म्हणून गट विरुद्ध. विरुद्ध तीन.

अजून अध्यक्ष होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा काढून ते पुसत होते.

‘बरोबरी झाली,’ ते म्हणाले. ‘माझं व्यक्तिगत मत सगळ्यांना माहीत आहे. पण समितीचे दोन तुकडे पडलेले असताना अध्यक्षाने एकट्याने नवं काही लादू नये. अशा वेळी अध्यक्ष जे चालू आहे त्याच्या बाजूने मत देतो. आमच्याकडे हीच पद्धत होती. एक तास कायम.’

चाळीस वर्षं अशा समित्यांत काढलेल्या माणसाची ती पद्धत होती, आणि तिच्यात खोट काढता येत नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी मला आधीच सांगितलं असतं.

शेठ उठले. रुमालाने मान पुसली. ‘मॅडम, तुमचा नियम चांगला आहे हो,’ म्हणाले. ‘मी उगाच विरोध केला.’

सगळे पांगल्यावर हरेश्वर माझ्यापाशी आला. आवाज अगदी साधा होता. ‘मॅडम, कागदावर माझं नाव लिवा. मी बाजूनं हात केला व्हता, येवढंच.’

नियम माझाच होता. इतिवृत्तात गटाचं मत लिहायचं, माणसांची नावं नाहीत. त्यावरची शाई वाळून तास झाला नव्हता. मी म्हटलं, ‘हरेश्वर, लिहिता येणार नाही.’

‘बरं,’ तो म्हणाला. आठ दिवसांपूर्वी म्हणाला होता तसंच. मग पिशवी उचलून निघाला.

सोमवारी त्याला तपासणीतून काढून माल भरायच्या कामाला लावलं. दोन महिने त्याने खोके बांधले, मग नोकरी सोडली. समितीत त्याच्या खुर्चीवर शेठच्या कचेरीतला कारकून यायला लागला. टीचर माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. एकदाच म्हणाल्या, ‘तुम्ही हुशार आहात ना, तेच वाईट झालं.’ मी ऐकून घेतलं. त्या दिवसाचं इतिवृत्त कुणीही काढून बघावं. तीन विरुद्ध तीन, अध्यक्षांचं मत, विषय फेटाळला. खोलीत पाच हात वर गेले होते याचा त्यात मागमूस नाही. नोकरीत मी लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता असं मी अभिमानाने सांगायची, तो अभिमान त्या पानापाशी संपतो.

आठ तासांची चाचणी यायची ती आलीच, काही वर्षांनी. मोठ्या दुकानदारांनीच आडकाठी घातली, आठ तास टिकणारा माल नसेल तर घेणार नाही म्हणाले. मग शेठनीच ठराव मांडला आणि दहा मिनिटांत विषय संपला. तोवर किती रॉड किती घरांत गेले, ते मला माहीत नाही, आणि नेमकं कळावं अशी माझी छातीही नाही.

शेठनी ठराव मांडला त्या बैठकीनंतरच्या रविवारी मी वटारला हरेश्वरकडे गेले. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. ग्राहकांच्या बाजूला मधल्या काळात वाढवलेली दुसरी जागा रिकामी होती, ती हरेश्वरला द्यावी असं देवधर साहेबांकडून मंजूर करून घेतलं होतं. रिक्षा बागेच्या कडेला सोडली. तो केळीच्या रांगेत पाण्याचा पाट फिरवत होता. अंगणात त्याची वहिनी बसली होती, पाहुणी आली म्हणून उठली आणि डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

मी बातमी सांगितली. आठ तास मंजूर झाले.

‘किती मतांनी?’ त्याने विचारलं.

‘एकमताने.’

‘शेठबी?’

‘शेठनीच मांडला.’

तो हसला, आणि त्या हसण्यात कडवटपणा मला तरी दिसला नाही. जागेबद्दल सांगितलं तर म्हणाला, ‘नको मॅडम. ती खुर्ची तुमच्याकडंच बरी. मला आता हितं बरं वाटतं.’

मी जायला उठले. माफी मागायची होती, वाक्यं जुळवून आणली होती, ती तशीच राहिली. तोच माझ्याबरोबर बांधापर्यंत चालत आला.

‘एक इचारू? राग मानू नका.’

‘विचारा ना.’

‘तुमी मोजनी करता बैठकीआधी, ते समद्यांना ठावं व्हतं. त्या येलला मला कुठं धरला व्हतात?’

तिथे खोटं बोलता आलं असतं. पण पुरे झालं होतं.

‘शेठच्या बाजूला,’ मी म्हटलं.

हरेश्वरने मान हलवली. खाली वाकून पाटाच्या तोंडाशी अडकलेला पाला काढला, हात झटकले.

‘शेठनबी मला तिथंच धरला व्हता,’ तो म्हणाला.